पढवलेला साक्षीदार नको! पुलांच्या पाईल लोड टेस्टबद्दल खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील पुलांच्या कामांवर सही करणारे सर्व मुख्य अभियंते, अधीक्षक अभियंते, कार्यकारी अभियंते आणि शाखा अभियंते

सादर नमस्कार.

मी माजलगाव तालुक्यातला. गेली २२ वर्षे पायलिंगच्या, म्हणजे पुलाच्या खांबांखाली जमिनीत खोल काँक्रीटचे पाईल ओतण्याच्या कामावर आहे. हेल्पर म्हणून लागलो, मग रिगवर, म्हणजे भोक पाडणाऱ्या मशीनवर होतो, आता सुपरवायझर आहे. गोदावरी, सिंदफणा, दुधना, मांजरा, तेरणा, या सगळ्या नद्यांच्या पात्रांत मी उन्हाळे काढले आहेत. पावसाळा सरला की पात्रात रस्ता करायचा, रिग उतरवायची आणि पुढचे पाणी यायच्या आत बाहेर निघायचे, असे आमचे वर्ष असते. या पत्रात माझे मागणे एकच आहे. ज्या पाईलची लोड टेस्ट, म्हणजे वर भार देऊन चाचणी घ्यायची, तो पाईल काँक्रीट ओतण्याआधी ठरवू नका. आणि ठरवलाच असेल तर साईटवर कोणाला कळू देऊ नका.

मागणे लहान दिसते. पण ते का करतो आहे हे नीट सांगायला हवे, कारण हे पत्र आपल्याबरोबर त्या पुलांवरून रोज जाणारी माणसेही वाचतील, आणि पुलाच्या पोटात काय असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

नदीत दिसतो तो खांब. त्याच्या खाली जाड काँक्रीटची पाईल कॅप असते आणि कॅपखाली चार, सहा, कधी आठ पाईल. पाईल म्हणजे मशीनने जमिनीत पाडलेले मीटर-सव्वा मीटर व्यासाचे खोल भोक, काँक्रीटने भरलेले. भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात लोखंडी लायनर आणि आत बेंटोनाईट नावाच्या चिकणमातीचे घट्टसर पाणी. त्यात सळयांची केज सोडायची, तळातला गाळ फ्लशिंग करून काढायचा आणि ट्रेमीच्या पाईपातून अगदी तळापासून काँक्रीट भरत वर यायचे. काँक्रीट चढते तसे बेंटोनाईट वर ढकलले जाते. ट्रेमीचे तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले राहिले पाहिजे. ते एकदा जरी वर निघाले, तरी तिथे काँक्रीटच्या अंगात चिखलाची पट्टी बसते आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. वीस मीटर खाली काय झाले ते काम करणाऱ्यालाही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून लोड टेस्ट.

आकडे साधे आहेत. भारतीय मानक २९११, भाग ४ यात ते दिलेले आहेत. समजा एका पाईलवर ४०० टनांचा भार येणार आहे असे डिझाइनमध्ये धरले. काम सुरू होण्याआधी वेगळा पाईल करून त्याची इनिशियल टेस्ट घ्यायची, ती अडीचपट भाराची, म्हणजे १००० टन. पुलात जाणाऱ्या पाइलांपैकी काहींची रूटीन टेस्ट घ्यायची, ती दीडपट, म्हणजे ६०० टन. पाईलच्या डोक्यावर हायड्रॉलिक जॅक ठेवायचा आणि त्याला वरून दाबायला माचा उभारून त्यावर वजन रचायचे. हे वजन टेस्टच्या भारापेक्षा पाव हिश्श्याने जास्त लागते. म्हणजे ७५० टन. पन्नास किलोच्या वाळूच्या गोण्या वापरल्या तर १५ हजार गोण्या.

सिंदफणेच्या काठी असा माचा रचत होतो तेव्हा शेजारच्या शेतातले एक म्हातारे बाबा रोज येऊन बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "पोरा, पुलावर तर गाड्या वरून जाणार. मग ह्या गोण्या कशापायी?" मी सांगितले, "बाबा, गाड्या जायच्या आधीच एवढं ओझं ठेवून बघायचं, खांब खाली बसतो का ते." बाबांनी पात्रात उभ्या असलेल्या सगळ्या पाइलांकडे हात केला. "मग एकावरच का?"

प्रश्न बरोबर होता. मानकात रूटीन टेस्टचे प्रमाण एकूण पाइलांच्या अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत आहे. ११ आधारांचा पूल, प्रत्येकाखाली ६ पाईल, असे ६६ पाईल झाले, तर टेस्ट होते एकाची, फार तर दोघांची. म्हणजे तो एक पाईल उरलेल्या ६५ जणांच्या वतीने साक्ष द्यायला उभा असतो. एवढ्या गोण्या प्रत्येकावर रचणे कोणालाच परवडणारे नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच जो एक साक्षीदार आहे तो पढवलेला नसावा.

आता पढवतात कसे ते सांगतो.

नाव घेत नाही, त्या पुलावर मी रात्रपाळीला होतो. कोणत्या पाईलची टेस्ट होणार हे कामाच्या पहिल्या आठवड्यातच ठरले होते. काठाजवळचा पाईल, कारण तिथे गोण्यांचे ट्रक सहज येतात. तो पाईल ज्या दिवशी ओतला त्या दिवशी साईटवर लग्नासारखी गडबड होती. फ्लशिंग तीन तास चालले. बेंटोनाईट दोनदा तपासले. दोर सोडून तळ मोजला, केज भोकाच्या कडेपासून लांब ठेवणारे कव्हर ब्लॉक मोजले, काँक्रीटच्या प्रत्येक गाडीचा स्लम्प, म्हणजे ते किती पातळ-घट्ट आहे ते मोजले, मोठे साहेब शेवटपर्यंत उभे राहिले. पाईल उत्तम झाला. टेस्टही उत्तम झाली. १.२ मीटर व्यासाच्या पाईलला दीडपट भाराखाली १८ मि.मी.पर्यंत बसण्याची मुभा असते, हा त्याच्या कितीतरी आत राहिला.

त्याच पुलावर मधल्या एका खांबाचा पाईल आम्ही रात्री ओतत होतो. पाऊस सुरू झाला. पात्रातला रस्ता निसरडा झाला आणि काँक्रीटची तिसरी गाडी दीड तास अडकली. ट्रेमी जड झाली. मोकळी करायला वर-खाली करताना पाईप एकदम सुटून हलका झाला. हे ज्याने हातांनी अनुभवले आहे त्याला त्याचा अर्थ कळतो: तोंड काँक्रीटच्या बाहेर आले होते. आम्ही पुन्हा खाली घातले आणि ओतणे पुरे केले. हिशेबाने त्या पाईलला २२.६ घनमीटर काँक्रीट लागायला हवे होते. लागले त्याहून कमी. भोकापेक्षा काँक्रीट कमी लागते याचा सरळ अर्थ असा, की कुठेतरी माती आत आली आहे किंवा कंबर बारीक झाली आहे. मी रजिस्टरमध्ये खरे लिहिले. सकाळी ते पान पुन्हा लिहायला सांगितले, आणि मी ते लिहिले. तो पाईल टेस्टच्या यादीत नव्हता. महिन्याभरात त्यावर पाईल कॅप झाली. मी त्या वेळी आपल्यापैकी कोणाकडे आलो नाही, याचे मला वाईट वाटते. त्या पुलावरून मी आजही जातो.

टेस्टच्या रात्रीबद्दलही थोडे लिहितो, कारण आपण बहुतेक वेळा रिपोर्ट बघता आणि रिपोर्टात ती रात्र नसते. भार ८०-८० टनांच्या टप्प्यांनी चढवायचा. दर टप्प्याला पाईल बसायचा थांबत आला, अर्ध्या तासात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त हलला नाही, की पुढचा टप्पा. त्या कामावर शेवटचा भार २४ तास धरायचा होता. पाईलभोवती पाईल किती हलतो ते काट्याने दाखवणारी चार डायल गेज, प्रत्येक रेघ ०.०१ मि.मी.ची. डोक्यावर ७५० टन आणि खाली आपण उकिडवे बसून बॅटरीच्या उजेडात काटा वाचायचा. गेज ज्या लोखंडी पट्टीवर टेकलेले असतात तिचे खुंट पाईलपासून लांब रोवावे लागतात, नाहीतर पाईलसोबत पट्टीच खाली जाते आणि रीडिंग चांगले दिसते. एकदा सकाळी सात वाजता चारही काटे एकदम उलटे फिरले, जणू पाईल वर आला. भार तोच होता. उन्हाचे किरण पट्टीच्या एका टोकावर पडले होते, एवढेच. ताडपत्री बांधली, अर्ध्या तासात काटे जागेवर आले. हे समजायला तिथे बसावे लागते. पण मी अशी रजिस्टरेही पाहिली आहेत, ज्यांत मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतची सगळी रीडिंग एका शाईने, एका बसणीत, एकाच आकड्याने भरली आहेत. त्या रात्री तिथे कोणी नव्हते.

आता आपल्या जमिनीबद्दल. माझे वडील विहिरी खोदायच्या कामावर होते. काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या नावाचा मऊसर खडक, मग काळा पाषाण, हा क्रम त्यांना पाठ होता. पण ते म्हणायचे, "खडक लागला म्हणून थांबायचं नसतं, पहारीचा आवाज ऐकायचा." कारण आपला खडक सलग नाही. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा अडकून राहिला. भूगर्भवाले त्याला रेड बोल म्हणतात. वर दोन मीटर टणक बेसाल्ट, खाली हाताने चुरडणारी तांबडी माती, हे मी स्वतः रिगच्या बकेटमधून निघताना पाहिले आहे. पाईल त्या वरच्या दोन मीटरांत दीड मीटर शिरवून थांबवला, तर कागदावर सॉकेट, म्हणजे खडकात रोवलेला भाग, पुरे होते आणि पाईल एका पातळ फरशीवर उभा राहतो. शेजारच्या खांबाखाली हा पट्टा नसेलही. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे गेलात तर बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट लागतो, तिथला हिशेब आणखी वेगळा. म्हणून एका नदीवरची इनिशियल टेस्ट दुसऱ्या नदीला लावू नका, आणि काठावरच्या पाईलला पात्राच्या मधल्या पाईलचा प्रतिनिधी मानू नका.

दुसरी गोष्ट वाळूची. माझ्या मते आपल्या भागात हीच सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. पाईल भार दोन प्रकारे पेलतो, तळाने आणि अंगाने. अंगाला लागलेली वाळू-माती त्याला घट्ट धरून ठेवते. आपण टेस्ट घेतो एप्रिल-मेमध्ये, तेव्हा पात्र वाळूने भरलेले असते आणि ती सगळी वाळू पाईलला धरायला मदत करते. महापुरात खांबाभोवतीची हीच वाळू पाणी खणून नेते. २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणेचे आणि गोदावरीचे पाणी आपण सगळ्यांनी पाहिले. उरलीसुरली वाळू रात्री ट्रॅक्टर-हायवाने जाते. माझ्या लहानपणी ज्या पात्रात वाळूत पाय रुतायचे, तिथे आता खडक उघडा पडला आहे. म्हणजे टेस्टमध्ये पाईलने जी ताकद दाखवली त्यातला काही हिस्सा उसना होता, आणि ज्या दिवशी पुलाला त्याची खरी गरज पडणार, त्याच दिवशी तो नसणार. डिझाइन करणारे साहेब खणाईची पातळी, म्हणजे पुरात पात्र किती खोलवर खणले जाईल ते, धरतात हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे टेस्टबद्दल आहे. खणाईच्या पातळीपर्यंतचे अंगाचे घर्षण टेस्टच्या आकड्यातून वेगळे काढता आले पाहिजे. इनिशियल टेस्टच्या पाईलला तेवढ्या उंचीत मातीचा हात लागू न देणारे मोकळे स्लीव्ह, म्हणजे बाहेरचे नळकांडे घालून, किंवा केजवर ताण मोजणारे स्ट्रेन गेज बसवून ते होते. आडव्या भाराची टेस्ट तर बहुतेक ठिकाणी कागदावरच राहते. पुराचे पाणी, त्यासोबत आलेली झाडे आणि कचऱ्याचे ढीग पुलाला आडवेच ढकलतात. १९९३ला किल्लारीची जमीन हलली तेव्हाही आडवे धक्के बसलेच होते.

गावकऱ्यांसाठी एक खुलासा. पाईलच्या डोक्यावर लहान हातोडी मारून, सेन्सर लावून लॅपटॉपवर रेघ बघतात, त्याला इंटिग्रिटी टेस्ट म्हणतात. ती चांगली आहे, स्वस्त आहे, सगळ्या पाइलांची घ्यावी. पण ती पाईल तुटका आहे का, मध्ये बारीक आहे का, एवढेच सांगते, आणि खोल पाईलच्या तळाचे तर तेही नीट सांगत नाही. पाईल किती भार पेलेल हे त्या टकटकीतून कळत नाही. "टेस्टिंग झालं" असे कोणी म्हणाले की कोणती टेस्ट, हे विचारा.

भरल्या पाण्यात गोण्यांचा माचा उभारता येत नाही, मग वरून जड घण टाकून डायनॅमिक टेस्ट घेतात. तिला माझा विरोध नाही. पण तिचे उत्तर कॉम्प्युटरवर बसून जुळवावे लागते आणि जुळवणाऱ्याच्या हातात बरेच असते. त्याच कामावर एका तरी पाईलची गोण्यांची टेस्ट झालेली असेल आणि दोन्ही ताडून पाहिल्या असतील, तरच मी त्या आकड्यावर विश्वास ठेवीन. पाईलच्या पोटातच जॅक ठेवून वर आणि खाली दोन्हीकडे दाब देण्याची पद्धत आहे, अमेरिकेत प्राध्यापक ओस्टरबर्ग यांनी ती रूढ केली. मोठ्या भारांसाठी ती उत्तम, पण तो जॅक केजबरोबर आधीच घालावा लागतो. म्हणजे कोणता पाईल ते आधीच कळते. ती इनिशियल टेस्टलाच ठेवावी.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, की पाईल नंतर निवडला तर माचा उभारायला जागा नसेल, पाईलचे डोके तयार नसेल, वेळ जाईल. काँक्रीट पक्के व्हायला तसेही साधारण २८ दिवस थांबावेच लागते. निवड त्या काळात करा. डोके फोडून सारखे करणे, त्यावर काँक्रीटची टोपी घालणे, हे आठ दिवसांचे काम आहे आणि ते आम्ही करतो. ट्रक पोचेल इतका रस्ता रिगसाठी प्रत्येक खांबापर्यंत केलेलाच असतो, फक्त टेस्ट होईपर्यंत तो मोडू द्यायचा नाही. शेजारच्या पाइलांना ओढून भार देण्याची पद्धत वापरायची असेल तर त्यांच्या सळया आधी ठरवाव्या लागतात, ही अडचण खरी आहे. तिथे गोण्या किंवा ब्लॉक वापरा. खर्च वाढेल. किती, तो अंदाजपत्रकात आधीच दाखवा म्हणजे ठेकेदारावर पडणार नाही. तसे केले नाही तर पुन्हा तो काठाजवळचाच पाईल पुढे येईल.

निवड कशी करायची, तेही सांगतो. प्रत्येक पुलावर निदान दोन पाईल. एक चिठ्ठी टाकून, सगळ्यांसमोर. दुसरा रजिस्टर बघून, ज्याच्या ओतण्यात सगळ्यात जास्त गडबड झाली तो: काँक्रीट कमी लागले, गाडी अडकली, ट्रेमी सुटली, रात्री पाऊस आला. हा दुसरा पाईल पास झाला तर बाकीच्यांबद्दल आपल्याला खरोखर काही कळेल. नापास झाला तर पाईल कॅप व्हायच्या आत कळेल, आणि शेजारी जादा पाईल घालता येतो. पात्रातल्या प्रत्येक पाईलमध्ये ध्वनिलहरींच्या टेस्टसाठी लोखंडी नळ्या सोडायला लावा. नळ्यांचा खर्च पाईलच्या मानाने किरकोळ आहे, आणि आत कुठे चिखल अडकला असेल तर खोलीसकट दिसतो.

आणि रजिस्टर खरे राहील अशी सोय करा. आज खरे लिहिणाऱ्या माणसालाच बोलणी खावी लागतात, कारण रजिस्टरमध्ये गडबड लिहिली की बिल अडकते. गडबड लिहिल्याबद्दल बिल अडवू नका, लपवल्याबद्दल अडवा. ओतण्याचे पान त्याच रात्री फोटो काढून विभागाकडे गेले पाहिजे, म्हणजे सकाळी कोणी ते बदलायला सांगणार नाही. लोड टेस्टची रीडिंगही तशीच, दर तासाला गेजचा फोटो, वेळेसकट. चोवीस तासांत विभागाचा एक माणूस तरी माच्याखाली येऊन बसला पाहिजे. टेस्टचा आलेख आणि निवडलेल्या पाईलचा नंबर त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्या म्हाताऱ्या बाबांसारखे लोक तो वाचतील, विचारतील, आणि त्यांना उत्तर द्यायला आम्हाला आनंद होईल.

दिवाळीनंतर पाणी उतरेल आणि रिग पुन्हा पात्रात जातील. त्याआधी एका पानाचे परिपत्रक निघाले तर याच हंगामापासून सुरुवात होईल. कुठल्याही पुलावर पहिली चिठ्ठी टाकणार असाल तर कळवा, मी पदरचे भाडे घालून येईन आणि रात्रीची रीडिंग घ्यायला बसेन.

आपला,
माजलगाव तालुक्यातला एक पायलिंग सुपरवायझर